फरामर्ज शेठची अर्धी हिरवळ

१

मी थापाड्या माणूस आहे. डहाणूत कोणालाही विचारा. आमच्या किनाऱ्यावर मी एकदा एवढा लांब बोंबील पाहिला होता की त्याचं डोकं डहाणूला वाळून खडखडीत झालं तरी शेपटी घोलवडला ओलीच होती. ही गोष्ट लोक मान डोलावून ऐकतात. पुढची गोष्ट सांगितली की म्हणतात, भिका, आता पुरे. ती खरी आहे आणि तिच्यात मी वाईट दिसतो, हीच तिची अडचण.

तीस वर्षं मी डहाणू रोडच्या बाजारात मापारी होतो. व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसायचं, गावागावांतून आलेलं भात मापानं मोजून घ्यायचं, आणि तांदूळ, मीठ, डाळ मोजून द्यायची. सरकारने पायली-शेर काढून किलो आणले, ओट्यावर काटे टांगले, आणि मी घरी बसलो. पण नाव होतं. एका हमालाची चोरी मी नुसत्या त्याच्या चालीवरून पकडली होती. धोतराच्या डाव्या सोग्यात चार शेर तांदूळ होते, म्हणून डावा पाय वाळूत जास्त रुतत होता. लोक ते विसरले नव्हते.

म्हणून बासष्ट सालच्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी सकाळी, फरामर्ज शेठने मला गाडी पाठवली.

फरामर्ज शेठ इराणी. नरपडच्या रस्त्याला त्याची चिकूची मोठी वाडी, आणि वाडीच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बंगला. बंगल्यापुढे लॉन. चिकूवर तो पैसे कमवायचा, जीव मात्र त्या हरळीवर. रोज सकाळी चप्पल काढून तिच्यावरून चालायचा, देवळात चालावं तसा.

"भिकाभाय, जो," तो म्हणाला. जो म्हणजे बघ. एवढंच.

मी पाहिलं. बंगल्याच्या दारापासून कुंपणापर्यंत एक सरळ रेघ. रेघेच्या उत्तरेला हिरवीगार हरळी, तिच्यात एकही तण नाही. रेघेच्या दक्षिणेला सगळं जळलेलं. तणही गेलं होतं आणि गवतही. पिवळं, करपलेलं, पायाखाली चुरचुरणारं.

"माझ्या माळ्याने मारली," शेठ म्हणाला. "शुक्राने. रविवारी सकाळी तो आणि त्याची बायडी वाडीच्या बाहेर. घोलवडपर्यंत सगळ्या वाडीवाल्यांना मी सांगणार, याला कोण ठेवू नका."

"मग मला कशाला बोलावलंत, शेठ? ठरलंय तर."

शेठने जळक्या गवताची एक काडी उचलली आणि बोटात मोडली. "बारा वरस तो माझ्याकडे आहे, डिकरा. बारा वरसात एक चिकू नाय चोरला. फौजदाराला बोलावू तर फौजदार हसेल, गवताचा खून झाला म्हणून. तू मला सांग. त्याने केला असेल तर जाऊ दे त्याला. पण मला झोप येली पायजे."

२

हकिकत अशी होती.

पावसानंतर लॉनमध्ये आंबुशी, लाजाळू, गोखरू असलं रुंद पानांचं तण माजलं होतं. शेठने मुंबईहून एक नवं औषध मागवलं. पांढरी भुकटी, पाण्यात कालवून पंपाने मारायची. तिची करामत अशी की रुंद पानाचं तण मरतं आणि गवत जगतं. मला हे ऐकून फार आनंद झाला. एवढी मोठी थाप मला स्वतःला कधी सुचली नव्हती.

पण थाप नव्हती. उत्तरेचा अर्धा भाग डोळ्यांसमोर होता.

तो अर्धा भाग सोमवारी सकाळी औषधवाल्यांच्या माणसाने, चंदर नावाच्या पोराने, स्वतः मारून दाखवला. दुसरा अर्धा मंगळवारी सकाळी शुक्राने मारला. तोच पंप, तेच पिंप, तीच विहीर, तोच डबा. शुक्रवारपर्यंत एक भाग जगला, एक मेला.

चंदर डहाणू स्टेशनसमोरच्या खानावळीत उतरला होता. पँट इस्त्रीची, तोंड उतरलेलं. त्याला वाटत होतं मी त्याच्यावर बालंट आणायला आलोय.

"काका, मी सगळं सांगितलं होतं त्याला. गवत कापून दोन दिवस जाऊ द्यायचे, मारल्यावर दोन दिवस कापायचं नाही. सकाळी मारायचं, ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना. एकाच जागी दोनदा फवारा पडू द्यायचा नाही, म्हणून खुंट्या ठोकून दोरी लावायची आणि पट्ट्यापट्ट्यांनी जायचं. एका पिंपाला पाच मापं. दोन पिंपांत अर्धं लॉन होतं."

"माप कसलं?"

"डब्याचंच झाकण. त्यात सपाट भरलं की बरोबर एक माप. मी त्याच्यासमोर मोजली, काका. पाच नि पाच, दहा."

"आणि जास्त पडलं तर?"

"दुप्पट पडलं तर गवतही करपतं. ते काही अमृत नाही." त्याने आवाज खाली आणला. "एक गोष्ट मी शेठना अजून सांगितली नाही. त्या माळ्याचं वाईट होईल म्हणून."

"सांग."

"डब्यात तीस मापं असतात. मी दहा वापरली, त्याने दहा वापरायची. दहा उरायला हवीत. आज मी डबा पाहिला."

"मग?"

"रिकामा आहे, काका. तळ दिसतोय."

३

रिकामा डबा म्हणजे शुक्राचा कपाळमोक्ष. रागाने सगळं ओतलं, असाच त्याचा अर्थ.

आणि राग असायला कारणही होतं. ते मला बायजीने सांगितलं. बायजी मांगेलीण, शेठच्या कुंपणाबाहेर वाळूत बोंबील वाळत घालणारी. शेठशी तिचं गेली पाच वर्षं भांडण, मासळीच्या वासावरून. म्हणून शुक्राआधी मी तिच्याकडेच वळलो. खारं पाणी ओतलं तरी गवत मरतं, हे मला ठाऊक होतं.

"ये मापारी," ती म्हणाली. "तुझा तो बोंबील सापडला का? शेपटी वाळली असेल आता."

"बायजी, शेठचं गवत जळलंय."

"बघितला मी. माझ्यावर घालतोस काय?"

"मिठाच्या पाण्याने जळतं ना."

"मी मीठ विकत आणते रे बाबा, शेटच्या कुरणावर फेकायला नाय. आणि फेकला असता तर कुंपणाकडून फेकला असता. कुंपणाकडं बघ जा."

मी पाहिलं. कुंपणाच्या बाहेरचं तण तिच्या टोपल्यांशेजारी टवटवीत उभं होतं. जळका भाग कुंपणाच्या बरोबर एक वीत अलीकडे थांबला होता, आणि चारही बाजूंनी पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. फेकलेलं पाणी असं पडत नाही.

"आणि त्या पोराला नको लटकवू," बायजी मागून म्हणाली. "त्याचा बाप मेला गेल्या पंधरवड्यात. गंजाडला जायाला शेटने सुट्टी नाय दिली. पाव्हणे येणार होते म्हणून. बापाच्या दिवसाला नाय गेला तो. तरी गप काम करतो."

"बाप कोण त्याचा?"

"लाहू. गंजाडचा लाहू. भात घेऊन यायचा बाजारात, डोकीवर. तुला माहीत असेल की."

मला माहीत होता. मी बायजीला एक गोष्ट सांगून तिथून निघालो, गरोदर शार्क माशाची, पण ती नीट जमली नाही. ती हसली नाही.

४

जळक्या लॉनवर मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. करपलेल्या गवतात खुंट्यांची भोकं होती. एका ओळीत, सारख्या अंतराने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरी लावून पट्टे पाडल्याची खूण. एकही पट्टा दुसऱ्यावर चढलेला नव्हता.

सूड उगवायला निघालेला माणूस दोरी लावत बसेल?

शुक्राची झोपडी विहिरीपलीकडे होती. तो दाराशी बसला होता, उकिडवा, दोन्ही हात गुडघ्यांवरून खाली सोडून. पस्तिशीचा असेल. चेहरा हुबेहूब बापाचा. मला पाहून उभा राहिला.

"मापारीदादा."

"ओळखलंस?"

"वळखीन नाय तर काय. बापासंगती यायचो मी बाजारात. लहान होतो."

मी इकडेतिकडे पाहिलं. "शुक्रा, खरं सांग. पिंपात किती घातलीस?"

"पाच."

"दुसऱ्या पिंपात?"

"पाच. बोटावर मोजली. शेवटल्या मापाला डबा खरवडला."

"दहाच मापांत डबा संपला?"

"संपला. माना वाटला साहेबाने बरोबर तेवढाच आणला."

खोटं बोलणारा माणूस डबा खरवडल्याचं आपण होऊन सांगत नाही. माझा अर्धा जन्म खोटं बोलण्यात गेलाय, मला ते कळतं. म्हणजे डब्यात वीस मापं होती हेही खरं, आणि शुक्राने दहाच घातली हेही खरं. दोन्ही खरं कसं असेल?

"मधे कोणी डब्याला हात लावला?"

"नाय. डबा माझ्या उशाला होता."

"बापाच्या दिवसाला जाऊ दिलं नाही म्हणून राग आला होता?"

तो परत उकिडवा बसला. मग म्हणाला, "आला होता. रात्रभर आला होता. पण गवतावर कशाला काढू? गवत मीच लावलाय, दादा. एकेक काडी."

आत त्याची बायको रखमी बंगल्याचे तांदूळ पाखडत होती. सातवा महिना, त्यामुळे पाय पसरून बसलेली. पाखडून झाल्यावर तिने लाकडी मापाने बंगल्याच्या डब्यात तांदूळ घातले. तीन मापं. प्रत्येक मापावर तिने शीग लावली. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा दाण्यांचा डोंगर. इतकी सुरेख शीग, टोकाला एक दाणा वर ठेवला तरी घसरणार नाही अशी. मी धंद्यातला माणूस, बघतच राहिलो. मग तिने आपल्या हंडीसाठी आपल्या गाडग्यातून एक माप घेतलं, काठावरून तळहात फिरवून सपाट केलं, आणि हंडीत ओतलं.

मी तिथून उठलो. वाडीच्या फाटकापर्यंत गेलो. आणि फाटकाची कडी हातात धरून तसाच उभा राहिलो.

गवत कोणी मारलं ते मला कळलं होतं. बाहेर पडून कडी लावून घ्यावी आणि घरून निरोप पाठवावा, शेठ, काही सापडलं नाही, असं फार वाटलं.

५

शनिवारी सकाळी मी सगळ्यांना बंगल्याच्या ओसरीवर बोलावलं. शेठ आरामखुर्चीत, चंदर कठड्याला टेकून, शुक्रा पायरीखाली. रखमी खांबाआड. बायजी बोलावलेली नव्हती, तरी टोपली घेऊन आली होती.

मी शेठच्या कोठारातून तांदळाची परात आणि दोन रिकामी घमेली मागवली, आणि औषधाच्या डब्याचं झाकण परातीवर ठेवलं. रुंद, उथळ झाकण, बशीसारखं.

"चंदर, पाच मापं या घमेल्यात घाल."

चंदरने झाकण भरलं, खिशातली पट्टी काठावरून फिरवली, सपाट केलं, ओतलं. पाच वेळा.

"शुक्रा, आता तू. शेठच्या लॉनला घालतोस असं समज. पाच."

शुक्राने शेठकडे पाहिलं, मग झाकण भरलं. त्यावर ओंजळीने दाणे सोडले, हळूहळू, कडेने बोटांनी आवरत. झाकणावर डोंगर उभा राहिला. जपून उचलून त्याने दुसऱ्या घमेल्यात ओतला. पाच वेळा. एकदाही दाणा सांडला नाही.

मी त्याचं घमेलं परत चंदरला मोजायला दिलं. पट्टी फिरवून, सपाट. सहा, सात, आठ. शेठ खुर्चीत पुढे सरकला. नऊ. दहा.

"साला," शेठ हळूच म्हणाला.

"उंच भांड्यावर शीग लहान बसते," मी म्हणालो. "तोंड जितकं रुंद, तितकी शीग मोठी. अशा बशीवर दुप्पट जातं. शुक्राने पाचच मोजली. गेली दहा. दोन पिंपांत वीस. म्हणून डबा रिकामा आणि गवत करपलं."

चंदर पायरी उतरून खाली आला. "पण मी तुझ्यासमोर पट्टी फिरवली होती ना? तू बघत होतास."

"बघितला, साहेब."

"मग?"

शुक्राने झाकण परातीवर ठेवलं. रखमीच खांबाआडून म्हणाली, "सांग की. काय चोरी केली काय तू?"

"साहेब विकणारा," शुक्रा म्हणाला. "विकणारा हात फिरवतोच. त्याचा माल आहे, तो कमी देणार. मी शेटचा माणूस. शेटच्या कामात हात फिरवला तर ती चोरी झाली असती."

खाली समुद्राची ओहोटी होती, चिखलात होड्या कलल्या होत्या.

"हे कोणी शिकवलं तुला?" शेठने विचारलं. "शेठकडे जाताना डोंगर, तुमच्याकडे येताना सपाट?"

"शिकवायचा काय त्यात, शेट. बाजारात तसाच असतो."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो खाली पायरीकडे बघत राहिला, आणि मला कळलं की तो माझं नाव घेणार नाही. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. शुक्रा अडाणी ठरला असता, मी हुशार.

"मी शिकवलं," मी म्हणालो.

शेठला वाटलं मी थाप मारतोय. तो हसायला लागला.

"हसू नका, शेठ. याचा बाप लाहू गंजाडहून भात आणायचा. घेताना मी शीग लावायचो, देताना हात फिरवायचो. व्यापाऱ्याचं माप रुंद तोंडाचं होतं, ते मीच सुताराकडून करून घेतलं होतं. मला बक्षीस मिळालं होतं त्याचं, एक छत्री. हा पोर बापाशेजारी उभा राहून बघायचा. एकदा लाहू म्हणाला होता, दादा, डोंगर किती उंच करशील? मी म्हणालो, दिसतोय तिथपर्यंत. सगळा ओटा हसला होता."

"बापपण हसला होता," शुक्रा म्हणाला.

ते मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण त्या दिवसापासून तो मला हसताना दिसतो.

शेठ उठून कठड्याशी गेला. बराच वेळ जळक्या भागाकडे पाहत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "भिकाभाय, माझ्या कोठारात मजुरांना दाणा देतात, ते माप कोणचं?"

"तेही मीच करून दिलंय, शेठ. पंचावन्न साली."

"अने हात फिरवतात?"

रखमी खांबाआड आणखी सरकली. बायजीने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "फिरवतात शेट. तुझा मुनीम तर फळी फिरवतो."

शेठने हाक मारून मुनिमाकडून माप मागवलं. त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. फेकेना, ठेवेना. शेवटी ते खुर्चीखाली ठेवून त्यावर वर्तमानपत्र घातलं. शुक्राला म्हणाला, "तू कुठे नाय जाणार. गंजाडला जाऊन ये आधी. आठ दिवस. मग बघू गवताचं."

"दिवस तर होऊन गेला, शेट," शुक्रा म्हणाला.

"मालूम छे," शेठ म्हणाला. "तरी जा."

६

चंदर म्हणाला होता, मुळं जगली असतील, भरपूर पाणी द्या, भुकटी खाली धुऊन जाईल. आठ दिवस विहिरीवरून पाणी मीच ओढलं. शुक्रा गंजाडला होता आणि दुसरं कोणी सांगितलेलं ऐकत नव्हतं. म्हातारपणी इतकं पाणी ओढलं की विहिरीची पातळी सात हात खाली गेली आणि नरपडचे लोक भांडायला आले. ही थाप आहे. सात नाही, दोन हात.

जिथे मुळं मेली होती तिथे उत्तरेच्या भागातली हरळी काढून काडी-काडी लावली. शुक्रा परत आला तेव्हा माझ्याशेजारी बसून लावू लागला. एकदा तो म्हणाला, "दादा, काडी आडवी लावा, उभी नको." मी आडवी लावली.

दिवाळीनंतर गंजाडचं नवं भात आलं. रखमीने एका शनिवारी मला बोलावलं आणि गाडगं पुढे ठेवून नव्या तांदळाचं एक माप भरलं. वर ओंजळ सोडायला लागली.

"हात फिरव, रखमी," मी म्हणालो.

"तुमच्या म्होरं?" ती हसली. "शुक्राने सांगितलाय. मापारीदादाला देशील तर बापाच्या वेळचा दे." आणि तिने शीग लावली, टोकापर्यंत, एक दाणा घसरणार नाही अशी. गाडग्यात ओतायला गेली, तर मी म्हणालो, नको, मापच दे, उद्या परत आणतो.

ते माप दोन्ही हातांत धरून मी वाडीतून निघालो. शीग मोडू नये म्हणून पाय उचलत नव्हतो, सरकवत होतो. वाळूच्या रस्त्याला बायजी बोंबील उलटत बसली होती.

"मापारी, काय एवढा जपून नेतोस? मोती सापडले काय?"

एरवी मी तिला समुद्राच्या तळाची गोष्ट सांगितली असती.

"लाहूचे आहेत," मी म्हणालो, आणि तसाच सरकत पुढे गेलो.